नाताळच्या बिस्किटाला गूळच हवा

डिसेंबर उजाडला की मसालेदार बिस्किटांच्या पाककृती सगळीकडे दिसू लागतात. आल्याच्या चवीचं, तारा, झाड किंवा माणसाच्या आकारात कापलेलं आणि वर पांढऱ्या साखरेची नक्षी काढलेलं हे बिस्किट युरोप-अमेरिकेत नाताळचं ठरलेलं खाणं आहे. आपल्या शहरांतही ते आता हौसेनं केलं जातं. पण पाककृती हाती घेतली की साहित्याच्या यादीतच अडायला होतं. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा पाक म्हणजे मोलॅसिस, शिवाय ब्राऊन शुगर, तयार मसाल्याची डबी, सजावटीसाठी मेरिंग पावडर. यातलं बरंचसं सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाही. ते मोठ्या दुकानातून चढ्या भावानं आणावं लागतं, त्यातलं दोन-चार चमचे वापरलं जातं आणि उरलेलं पुढच्या नाताळपर्यंत फडताळात पडून राहतं. अनेक घरांत तर यादी पाहूनच बेत रद्द होतो. माझं म्हणणं असं आहे की या बिस्किटासाठी यातली एकही वस्तू लागत नाही. गूळ, कणीक, थोडा मैदा, लोणी, सुंठ, दालचिनी, लवंग एवढ्यावर ते उत्तम होतं. गूळ इथे नाइलाजानं घेतलेला पर्याय नाही. या पदार्थाचा इतिहास पाहिला, त्याचं पाकशास्त्र तपासलं, तर गूळ हाच त्याचा न्याय्य घटक ठरतो.

हे म्हणणं तपासून पाहायला चंदीगडचं सेक्टर ३२ ही चांगली जागा आहे. या शहराचे रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यात एक सेक्टर म्हणजे साधारण ८०० बाय १२०० मीटरची वस्ती, आणि तिच्यातून जाणारा बाजाररस्ता. रोजच्या गरजेची प्रत्येक वस्तू चालत जाऊन आणता यावी, ही त्यामागची कल्पना. शहराच्या दुसऱ्या टप्प्यात वसलेल्या सेक्टर ३२ मध्ये १९७३ साली सुरू झालेलं गोस्वामी गणेशदत्त सनातन धर्म महाविद्यालय आहे आणि १९९१ साली स्थापन झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. वैद्यकीय प्रवेशांच्या अखिल भारतीय कोट्यामुळे अशा संस्थांत महाराष्ट्रासह देशभरातले विद्यार्थी येतात. घरापासून दूर, पहिल्यांदाच उत्तरेकडच्या खऱ्या थंडीत राहणाऱ्या मुलामुलींना इथे डिसेंबर काय असतो ते कळतं. रात्रीचं तापमान ५ ते ८ अंशांपर्यंत उतरतं, सकाळी धुकं दाटतं. याच दिवसांत पंजाबात ऊसतोड चालू असते आणि रस्त्याकडेची गुऱ्हाळं धडधडत असतात. तिथे साध्या गुळाबरोबर मसाल्याचा गूळही मिळतो. उकळत्या रसात बडीशेप, सुंठ, ओवा, तीळ, शेंगदाणे किंवा सुकामेवा घालून त्याच्या वड्या पाडलेल्या असतात. जेवणानंतर त्यातला एक खडा तोंडात टाकायची इथल्या हिवाळ्यातली रीत आहे. दुसरी रीत बेकरीची. घरची कणीक, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचं, डोळ्यांदेखत बिस्किटं करून घ्यायची आणि किलोमागे मजुरी देऊन डबा भरून आणायचा. पंजाब आणि हरियाणात ही चाल जुनी आहे. म्हणजे उसाचा गोडवा आणि सुंठेचा झणका एकत्र आणणारी चवही इथे आहे आणि कणकेचं भाजलेलं बिस्किटही. या दोघांची गाठ घालून त्यांना आकार द्यायचा, एवढंच काम उरतं.

असं करणं म्हणजे मूळ पदार्थात भेसळ, असं ज्यांना वाटेल त्यांनी त्या मूळ पदार्थाचा प्रवास पाहावा. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेबकुखेन या मसाला-बिस्किटाची नोंद १३९५ पासून सापडते. त्या शहराभोवतीच्या जंगलात मध मुबलक होता आणि व्हेनिसकडून येणारा मसाल्यांचा व्यापारी मार्ग शहरातून जात होता. जवळचा मध आणि दूरचे मसाले यांच्या भेटीतून तो पदार्थ तिथे घडला. पोलंडच्या तोरुन शहरातल्या मसाला-केकचीही जात तीच. नेदरलँड्समध्ये ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणासाठी लाकडी साच्यात दाबून स्पेकुलास नावाची बिस्किटं करतात. त्यांच्यातली दालचिनी, लवंग आणि जायफळ डच जहाजांनी आशियातून नेलेली. इंग्लंडमध्ये साखर शुद्ध करण्याचा धंदा सतराव्या शतकात वाढला, तसा मधाऐवजी त्या धंद्यातून निघणारा काळा पाक वापरात आला. कारण साधं होतं. तो स्वस्त होता आणि हाताशी होता. अमेरिकेतही तेच झालं. कॅरिबियन बेटांवरच्या उसाचा काळा पाक तिथल्या बंदरांत पिंपांनी उतरायचा. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांचं पाकपुस्तक निघालं. अमेरिकी लेखिकेनं लिहिलेलं हे तिथलं पहिलं पाकपुस्तक मानलं जातं, आणि त्यात या पाकात केलेल्या, आल्याच्या चवीच्या जिंजरब्रेडची कृती आहे. आज आपण ज्याला अस्सल समजून बाटली शोधत फिरतो तो मोलॅसिस म्हणजे एके काळी काही देशांनी केलेली सोयीची निवड आहे. ज्या गावी जो गोडवा पिकतो तो घ्यायचा आणि त्याला मसाल्यांची जोड द्यायची, हाच या बिस्किटाचा खरा नियम. हा नियम पाळायचा तर उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यानं गूळच घ्यायला हवा.

भारतात हा नियम कुणी शिकवायची गरजच पडलेली नाही. चंदीगडमध्ये बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली मोठी वस्ती आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी ही माणसं सेक्टर ४२ च्या तलावावर छठपूजेला जमतात. त्यांच्या प्रसादातला ठेकुआ कणीक, गूळ, तूप आणि बडीशेप किंवा वेलची यांचा असतो. घट्ट मळलेली गोळी कोरीव लाकडी साच्यावर दाबली की पानाफुलांची नक्षी उठते, मग ती तुपात तळतात. डच स्पेकुलास आणि बिहारी ठेकुआ शेजारी ठेवले तर साच्याची कल्पना एकच दिसते. महाराष्ट्रात आषाढ तळताना कापण्या करतात. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट भिजवायची, सुंठ किंवा बडीशेप घालायची, वर खसखस किंवा तीळ पसरून लाटायचं आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. लाटून कापलेलं, मसाल्याचं, गुळाचं, कुरकुरीत असं हे खाणं आपल्या आज्या-पणज्या करत आल्या आहेत. कोकणपट्टीवरच्या ख्रिस्ती घरांनी तर नाताळचं अख्खं ताट आपलं करून घेतलं. गोव्यातल्या कुस्वारात, म्हणजे नाताळच्या फराळात, आपल्या करंजीची सख्खी बहीण असलेल्या नेवऱ्या असतात, नारळाचा रस आणि माडाचा गूळ आटवून केलेला दोदोल असतो, रवा आणि ओल्या खोबऱ्याचे बोलिन्य असतात, काट्यावर किंवा फणीवर वळलेले कुलकुल असतात. वसईच्या ख्रिस्ती घरांतही डिसेंबरात असा फराळ होतो. पोर्तुगीजांकडून आलेल्या सणाला या माणसांनी बदामाऐवजी नारळ दिला, आणि त्यांच्या नाताळचं मोल त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही. शेकडो वर्षांचा हा दाखला समोर असताना चंदीगडच्या बिस्किटात गूळ घालायला कुणाची परवानगी हवी?

आता पाकशास्त्राकडे वळू. बाजारातली ब्राऊन शुगर ही बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेलाच काळ्या पाकाचा हात देऊन केलेली असते. आधी साखर आणि पाक वेगळे करायचे आणि मग पुन्हा एकत्र आणायचे. गुळात ते वेगळे झालेलेच नसतात. उसाचा रस आटवून गोठवला की साखर, खनिजं, रंग, खमंग वास सगळं एकाच ढेपेत राहतं. म्हणून पाककृतीत ब्राऊन शुगर आणि मोलॅसिस अशा दोन वस्तू लिहिलेल्या असतील तर दोन्हींची जागा एकटा गूळ घेतो. गुळात सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. या साखरा हवेतला ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे गुळाचं बिस्किट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंचित मऊ पडतं आणि त्याची चव मुरते. ओव्हनमध्ये लवकर तांबूस रंग येतो तोही मुख्यतः यांच्यामुळे. गुळाला सौम्य आम्लताही असते. गरम खिरीत गूळ घातला की दूध फाटतं, हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक आहे. हीच आम्लता खाण्याच्या सोड्याशी मिळून थोडा वायू तयार करते आणि बिस्किट हलकं होतं. मात्र गूळ हे कारखान्यातलं एकसारखं उत्पादन नाही. एका ढेपेत ओल जास्त, दुसरीत कमी. एक आंबूस, दुसरी खारट. म्हणून गूळ आधी चाखावा, किसून थोड्या पाण्यात विरघळवावा, गाळून घ्यावा आणि पूर्ण निवू द्यावा. रंग गोरा करण्यासाठी काही ठिकाणी गुळात हायड्रोससारखी रसायनं घालतात, तेव्हा फिकट पिवळ्या ढेपेपेक्षा गडद तपकिरी ढेप घेतलेली बरी. या बिस्किटाला तसाही गडद गूळच शोभतो.

पिठाच्या बाबतीत माझा आग्रह थोडा सैल आहे. नुसत्या कणकेचं बिस्किट चवीला खमंग लागतं, पण त्यातला कोंडा पिठाचा चिवटपणा तोडतो आणि पाणीही जास्त पितो. पातळ लाटून ताऱ्याची टोकं कापायला गेलं की कडा खडबडीत होतात. नुसत्या मैद्याची कड सुरेख येते, पण चव फिकी. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा यात दोन्ही साधतं. कणीक बारीक चाळणीनं चाळून घ्यावी. तूप की लोणी, हा पुढचा प्रश्न. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून तुपाचं बिस्किट नानकटाईसारखं तोंडात विरघळतं, पण पातळ आकारात ते उचलतानाच मोडतं. विकतच्या लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. तेवढ्या ओलीनं पीठ बांधलं जातं आणि आकार टिकतो, म्हणून कापायच्या बिस्किटाला बिनमिठाचं लोणी बरं. साधारण प्रमाण असं: कणीक १५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, लोणी १२० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम आणि तो विरघळवायला तीन मोठे चमचे पाणी, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ. लोणी फेसून त्यात गार झालेला गूळ घालायचा, मग सोडा आणि मसाले मिसळून चाळलेलं पीठ घालून हलक्या हातानं गोळा करायचा. पोळीसारखं तिंबायचं नाही. तिंबलं की पीठ चिवट होतं आणि भाजताना आकार आक्रसतो.

या कृतीत सगळ्यात महत्त्वाचा घटक विकत मिळत नाही, तो म्हणजे गारवा. कापणी उकळत्या तुपात पडते तेव्हा तिचा पृष्ठभाग क्षणात घट्ट होतो, म्हणून तिचा आकार बिघडत नाही. ओव्हनमधली गरम हवा मात्र उष्णता सावकाश पोचवते. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. पिठातला स्टार्च आणि प्रथिनं घट्ट व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. मधल्या वेळात वितळलेलं लोणी पीठ घेऊन पसरतं आणि ताऱ्याची टोकं बोथट होतात. गोळा जितका गार, तितका हा मधला काळ कमी. म्हणून मळलेला गोळा किमान तासभर, जमल्यास रात्रभर झाकून गार ठेवावा. त्या वेळात कणकेतला कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि मसालाही पिठात भिनतो. मग दोन बटर पेपरांमध्ये ४-५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी, आकार कापावेत आणि कापलेले आकार पुन्हा दहा-पंधरा मिनिटं गार करून १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजावेत. चंदीगडच्या डिसेंबरात थंड ओट्यावर पीठ लाटताना लोणी घट्टच राहतं. मुंबई-ठाण्याच्या दमट उकाड्यात याच कामासाठी मध्येच दोनदा फ्रीज उघडावा लागतो. हे बिस्किट थंड प्रदेशांच्या हिवाळ्यात वाढलं यामागे सणाइतकाच हवेचाही हात असावा, असं मला वाटतं. साच्यांसाठी दुकानात जायचीही गरज नाही. वाटीची कड, पेल्याचं तोंड, शंकरपाळ्यांचं कातणं आणि पुठ्ठ्याचा आकार ठेवून भोवतीनं फिरवलेली सुरी एवढ्यात चंद्र, चांदण्या, झाडं, पतंग सगळं कापता येतं.

मसाल्यांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळजण हौसेनं ओलं आलं किसून घालतात आणि चव उठली नाही म्हणून निराश होतात. ओल्या आल्यातल्या जिंजेरॉलचं आलं वाळताना काही अंशी शोगाऑलमध्ये रूपांतर होतं, आणि शोगाऑल जास्त तिखट असतं. शिवाय ओल्या आल्याचं पाणी पिठाचा तोल बिघडवतं. म्हणून युरोपातल्या बिस्किटात जाते ती सुंठच. सुंठवड्याची परंपरा असलेल्या आपल्या घरांना ती नवी नाही. वरच्या प्रमाणाला सुंठपूड दोन लहान चमचे, दालचिनी पूड दीड चमचा, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा आणि लवंगपूड पाव चमचा पुरे. लवंगेचा हात आखडता ठेवावा. तिच्यातलं युजेनॉल जिभेला बधिर करतं आणि बाकीचे वास मारून टाकतं. मसाले घरी हलके गरम करून ताजे कुटावेत, कारण त्यांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि तयार पूड डबीत महिनोन्‌महिने पडून राहिली की ती तेलं उरत नाहीत. ही तेलं पाण्यापेक्षा स्निग्धात चांगली विरघळतात, म्हणून पूड पिठात टाकण्याऐवजी लोण्यात फेसली तर वास जास्त भरतो. पंजाबातला मसाल्याचा गूळ मिळाला तर त्यातली बडीशेपही इथे खपून जाते. काळ्या मिऱ्याची चिमूट घातली तर तीही परकी नाही. मलबारच्या मिऱ्यांवर युरोपचे मसालापदार्थ शतकानुशतकं पोसले गेले आहेत.

सजावटीत पहिली अडचण अंड्याची. पाश्चात्त्य पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेसून पांढरा लेप करतात; तो वाळून कडक होतो. शाकाहारी घरांत तो चालत नाही, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, म्हणून इतरांनीही तो टाळावा. लिंबाचा रस आणि पिठीसाखर यांचा लेप हा सोपा उपाय आहे. २०० ग्रॅम बारीक चाळलेल्या पिठीसाखरेला दोन मोठे चमचे लिंबूरस पुरतो. तो थोडा थोडा घालावा. घट्ट लेपानं कडेची रेघ ओढायची, त्यात दोन थेंब पाणी घालून सैल केलेल्या लेपानं आतली जागा भरायची. हा लेप अंड्याच्या लेपाइतका टणक होत नाही आणि वाळायला रात्र लागते, हे आधीच धरून चालावं. बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय लेप लावू नये. धुक्याच्या दमट सकाळी तो वाळत नाही, म्हणून उन्हं वर आल्यावर काम काढावं. रंगांसाठी उत्तरेच्या हिवाळ्यानं एक देणगी दिली आहे: कांजीची काळी गाजरं. त्यांचा जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो. लिंबाच्या आंबट लेपात त्याचे दोन थेंब पडले की सुरेख गुलाबी छटा येते. हळदीचा पिवळा, बिटाचा लाल, पालकाचा हिरवा हे आहेतच. विकतचा कृत्रिम रंग वापरायचाच असेल तर भारतात खाण्यासाठी ठरावीक आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. तेव्हा पाकिटावरचं नाव आणि परवाना क्रमांक पाहूनच घ्यावा. साखरेनं सजवणं ही आपल्याकडे उसनी कला नाही. संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या आणि पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी चढवणाऱ्या हातांना बिस्किटावर नक्षी काढणं जड जाणार नाही. उत्तरेत दिवाळीला साच्यात ओतून केलेले साखरेचे हत्ती-घोडे मिळतात, तीही याच कलेची शाखा. ज्यांना लेपाचा खटाटोप नको त्यांनी भाजण्याआधी वर तीळ किंवा खसखस दाबावी. ती सजावट दिसायलाही देखणी असते आणि चवीलाही.

आक्षेप येतील, आणि ते ऐकून घ्यायला हवेत. पहिला: नाताळ आपला नाही, मग हे कशाला? ख्रिस्ती मराठी माणसाचा तर तो शतकानुशतकं आपलाच सण आहे. चंदीगडच्या सेक्टर १९ मधल्या कॅथेड्रलमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणाऱ्यांचाही तो आहे. ज्यांचा तो धार्मिक सण नाही त्यांच्यासाठीही २५ डिसेंबर, १३ जानेवारीची लोहडी आणि त्यानंतरची संक्रांत हा हिवाळी सुट्टीचा एकच सलग मोसम आहे. नाताळला तारा आणि लोहडी-संक्रांतीला पतंग, असं एकच पीठ तिन्ही सणांना पुरतं. दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो दोन बाजूंनी येतो. काही जण म्हणतील गुळाचं आहे म्हणजे पौष्टिक आहे, कितीही खा. ते खरं नाही. गूळ ही मुख्यतः साखरच आहे, त्याच्या उष्मांकात साखरेपेक्षा फार फरक नाही आणि मधुमेही माणसाला तो तितकाच जपून खावा लागतो. त्यातली थोडी खनिजं ही जास्तीची बाब, परवाना नव्हे. दुसऱ्या बाजूनं एक शास्त्रीय हरकत आहे. गव्हातलं अस्पॅराजिन आणि गुळातल्या साखरा जास्त उष्णतेत एकत्र आल्या की ॲक्रिलामाइड तयार होतं. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमांत साध्या बिस्किटासाठी किलोमागे ३५० मायक्रोग्रॅम आणि जिंजरब्रेडसाठी ८०० मायक्रोग्रॅम अशी मार्गदर्शक पातळी आहे. म्हणजे मसाला-बिस्किटात ते अधिक होतं, हे तिथेही मान्य आहे. यावर उपाय सोपा आहे: आच १७० अंशांच्या वर नेऊ नये, कडा सोनेरी होताच बाहेर काढावं, काळपट भाजलेलं खाऊ नये. सणाचं खाणं सणापुरतंच असावं, हे तर आपल्याकडे सांगावंही लागत नाही.

तिसरा आक्षेप सोयीचा. बाजारात पाकीट मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, आणि वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत ओव्हन कुठून आणायचा? पाकिटाशी स्पर्धा करायचा माझा विचार नाही. कारखान्याचं बिस्किट महिनोन्‌महिने टिकावं म्हणून बनवलेलं असतं. हे बिस्किट चार माणसांनी एकत्र बसून कापावं, पोरांनी रंगवावं आणि शेजारी वाटावं म्हणून बनतं, आणि ते काम पाकीट करू शकत नाही. ओव्हनचं उत्तर मात्र आपल्या चालीरीतींतच आहे. पुणे, सांगली, कोल्हापूरकडे दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत बायका मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जात आणि नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून आणत. उत्तरेत कणकेच्या बिस्किटांसाठी तेच होतं. मळलेला, गार केलेला गोळा आणि चार साचे घेऊन गेलं आणि बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर भट्टीचा एक ट्रे आपल्याला मिळू शकतो. भट्टीवाल्याला एकच सूचना द्यायची: नेहमीच्या बिस्किटापेक्षा याला आच कमी, कारण गूळ लवकर करपतो. ज्यांना हेही शक्य नाही त्यांना जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, झाकण ठेवून मंद आचेवर भाजता येतं. एका वेळी थोडी होतील, पण होतील.

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहे. मसाल्याचं कापीव बिस्किट ही कुणा एका देशाची मक्तेदारी नाही. ज्या मातीत जे पिकतं त्यातून ते प्रत्येक ठिकाणी नव्यानं घडत आलं आहे. ऊस पिकवणाऱ्या देशानं ते बाटलीतल्या काळ्या पाकानं करावं, याला इतिहासाचा आधार नाही आणि पाकशास्त्राचाही नाही. चंदीगडमध्ये असाल तर ताजा गूळ, चक्कीची कणीक आणि भट्टी तुमच्या दाराशी आहे. महाराष्ट्रात असाल तर कोल्हापूरची ढेप आणि आजीचं कातणं घरातच असेल. या डिसेंबरात आयात सामानाची यादी बाजूला ठेवा, एक ढेप फोडा आणि गुळाची बिस्किटं करा. पहिला घाणा शेजाऱ्यांकडे पाठवा. सणाचं खाणं वाटण्यासाठीच असतं.